अंगाई आणि ओवी : मुळशी खोऱ्यातील एक विचार

बाळाला निजविण्याच्या गीतास मराठीत अंगाई म्हणतात. पाळणा हा त्याचा जवळचा आप्त, परंतु दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. पाळणा बारशाच्या दिवशी, चारचौघींच्या समक्ष गायिला जातो; अंगाई रोज रात्री, बहुधा एकटीनेच. पहिल्यात विधी आहे, दुसरीत केवळ गरज.

माले हे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्या तालुक्यातून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आरंभिले. पुढे ते महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांपर्यंत विस्तारले आणि संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. त्यांत तान्ह्या बाळाचा विषय वारंवार येतो. याचे कारण उघड आहे : पहाटे दळताना मूल पुष्कळदा आईच्या मांडीवरच निजलेले असे. जात्याचा फेरा आणि मांडीचा झोका यांची लय तेथे एकच होई. स्त्रियांनी काम करता करता ओवी गाण्याची परंपराही जुनी आहे. कांडताना गायिल्या जाणाऱ्या ओवीचा उल्लेख सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' (1129) या ग्रंथात आढळतो.

भाषेच्या दृष्टीने पाहता अंगाईचे टिकाऊपण तीन गोष्टींत आहे. पहिली, द्विरुक्ती : 'जो जो', 'गाई गाई' यांसारख्या पदांत अर्थ अल्प, पण दीर्घ स्वर आहेत, आणि ते हवे तितके लांबविता येतात. दुसरी, मोकळी जागा : चंद्र, मामा, गाय वा बाळाचे नाव चरणात सहज बसते व बदलता येते, त्यामुळे गीत परंपरेचे असूनही प्रत्येक घराचे होते. तिसरी, दुहेरी संबोधन : बाळाला शब्द कळत नाहीत, म्हणून आई त्याला उद्देशून जे बोलते, ते वस्तुतः स्वतःलाच सांगते. सासर, माहेर, थकवा हे सारे तेथे निर्धास्तपणे उच्चारता येते.

मात्र दोन्ही प्रकारांचे भवितव्य सारखे नाही. पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. ओवीचा श्रमाचा आधार त्याबरोबर गेला. मूल निजविण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्राने पुरते हाती घेतलेले नाही. म्हणून अंगाई घरात राहिली, ओवी संग्रहात गेली. संग्रहाचे मोल मोठे आहे. तथापि कागदावर चरण उतरतो, झोका उतरत नाही. यास्तव अभ्यासकाने गीताच्या शब्दांसह ते कोण, केव्हा, कोणते काम करीत असता गाते, याचीही नोंद ठेवली पाहिजे. तीवाचून अंगाईचा अर्थ अर्धाच हाती लागतो.