उजवीकडची जागा

येशूच्या बारा शिष्यांत याकोब आणि योहान हे सख्खे भाऊ. जब्दी नावाच्या कोळ्याचे मुलगे. जाळी किनाऱ्यावर टाकून गुरूच्या मागे निघालेले. पण यरुशलेमच्या वाटेवर गुरू स्वतःच्या मरणाविषयी बोलत असताना या दोघांनी मागितलं काय, तर तुझं राज्य आलं की एकाला तुझ्या उजवीकडे बसव आणि दुसऱ्याला डावीकडे! मार्कच्या शुभवर्तमानात ही मागणी भाऊ स्वतः करतात. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांची आई रदबदलीला येते. मला आईची हकिगत अधिक पटते. मुलाच्या बदलीसाठी, बढतीसाठी बँकेतल्या केबिनच्या दाराशी ताटकळणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. ही मागणी ऐकून बाकीचे दहा शिष्य चिडले, असंही तिथे नोंदवलेलं आहे. ते का चिडले असावेत? हा अर्ज आधी आपल्याला सुचला नाही म्हणून, अशी मला दाट शंका आहे.

येशूनं दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. मोठं होण्याची इच्छाच पाप आहे, असं तो म्हणत नाही. ज्याला मोठं व्हायचं असेल त्यानं सर्वांचा सेवक व्हावं, एवढंच सांगतो. म्हणजे इच्छा तशीच ठेवली, वाट तेवढी उलटी दाखवली. पण मग या वाटेनं जाणाऱ्याच्या मनातून ‘मी मोठा होतो आहे’ हा विचार जातो का? आपल्या घरांतूनही सगळ्यांच्या मागून जेवणारी आणि त्याचा हिशेब वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवणारी माणसं असतातच की. त्यागालाही अहंकाराची बुरशी धरते.

या संशयानं ज्यांची हयातीत आणि मरणानंतरही झाडाझडती घेतली गेली, असे एक गृहस्थ म्हणजे फादर डेमियन. जन्म १८४० चा, बेल्जियममधल्या त्रेमेलो गावच्या शेतकरी कुटुंबातला. गंमत म्हणजे इथेही दोन भाऊच आहेत. थोरला भाऊ त्याच संघाचा धर्मगुरू. हवाई बेटांवर तो जायचा होता, पण ऐन वेळी तापानं अंथरुणाला खिळला. धाकट्यानं स्थानिक वरिष्ठांना डावलून पॅरिसला थेट संघाच्या प्रमुखांनाच पत्र धाडलं की, त्याच्या जागी मला पाठवा. आमच्या भाषेत सांगायचं तर सरळ हेड ऑफिसला अर्ज! तो मंजूर झाला आणि १८६४ च्या मार्चमध्ये ते होनोलुलूला उतरले.

हवाईच्या राज्यात १८६५ साली कुष्ठरोग्यांना वेगळं काढण्याचा कायदा झाला होता. पुढच्या वर्षापासून रोग्यांना मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर नेऊन सोडू लागले. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फुटांचा कडा. नवरा तिकडे, बायको इकडे. लेकरू तिकडे, आई इकडे. त्या वस्तीसाठी बिशपांनी धर्मगुरू मागितले तेव्हा चौघे तयार झाले. पाळीपाळीनं जायचं ठरलं. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ रोजी ते तिथे उतरले आणि मला इथेच राहू द्या, अशी त्यांनी विनंती केली.

सुरुवातीला राहायला जागा नव्हती, म्हणून झाडाखाली झोपले. मग घरं बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, थडगी खणली. रोग्यांच्या पंगतीत बसून एकाच भांड्यातलं खाल्लं, त्यांचा पाइप ओढला. स्वतःला रोग झाल्यावर एका सकाळी त्यांनी प्रवचनात ‘आपण कुष्ठरोगी’ म्हटलं, अशी एक हृद्य कथा सांगतात. खरी हकिगत मला त्याहून मोलाची वाटते. प्रवचनात मी असंच म्हणतो, हे त्यांनी भावाला १८७३ मध्येच कळवलं होतं. रोगाची खूण सापडली ती १८८४ च्या अखेरीस, उकळतं पाणी पायावर सांडूनही पोळल्याचं कळलं नाही तेव्हा.

आता या माणसाला मोठेपणाची हाव होती का? त्यांच्या वरिष्ठांना तसं वाटत होतं. ते वस्तीत गेले तेव्हाच होनोलुलूच्या वृत्तपत्रानं त्यांना वीर ठरवलं. १८८१ मध्ये राजघराण्याकडून मानाचं पदक मिळालं. पुढे लंडनमधल्या एका अँग्लिकन धर्मगुरूनं वर्गणी जमवून पैसे पाठवले. झालं! याच्या प्रसिद्धीमुळे बाकीचे सगळे कामचुकार दिसतात, अशी त्यांच्याच संघातल्या मंडळींची कुरकुर सुरू झाली. ती अगदीच अन्यायाची होती असं नाही. डेमियन हेकट होते, बरोबरीच्या धर्मगुरूंशी त्यांचं पटत नसे, औषधासाठी, लाकडासाठी, पैशासाठी ते अधिकाऱ्यांना सळो की पळो करून सोडत. पदक मात्र मिरवत नसत.

१५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी हाइड नावाच्या होनोलुलूच्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूनं एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं. डेमियन गावंढळ होते, घाणेरडे होते, हट्टी होते, आणि रोग त्यांना स्वतःच्या दुर्वर्तनानं जडला, असा मजकूर. ते छापून आलं आणि रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या वाचनात आलं. ‘ट्रेझर आयलंड’चा हा लेखक डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी त्या वस्तीत राहून आला होता, आणि तोही प्रॉटेस्टंटच. १८९० च्या फेब्रुवारीत सिडनीहून त्यानं हाइडला उघडं पत्र लिहिलं. त्यात डेमियन यांना तो देवदूत बनवत नाही. गबाळे? असतील. हट्टी? होतेच. पण तुम्ही तुमच्या छानशा घरात बसला होतात तेव्हा हा माणूस तिथे होता, हा त्याचा मुद्दा. चारित्र्यावरचा आरोप त्यानं साफ झिडकारला. बचावाचं वकीलपत्र घेऊनही अशिलाचे दोष कबूल करणारं इतकं दमदार लेखन माझ्या तरी पाहण्यात नाही.

मला वाटतं, मे महिन्यातल्या त्या पहिल्या दिवशी डेमियन यांच्या मनात थोडी वीरश्री असेलही. तेहतीस वर्षांचं वय होतं. पण वीरश्रीवर महिना निघतो, फार तर वर्ष. पू भरलेली पट्टी सोळा वर्षं बदलत राहायला दुसरं काहीतरी लागतं. ते काय, हे हिशेबाच्या वहीत मांडायची सोय नाही.

आणि मदर मेरिअन यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? जर्मनीत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या या जोगिणीनं हवाईहून आलेली हाक स्वीकारली. पन्नासांवर धर्मसंघांनी आधी नकार दिला होता. रोग जडलेले डेमियन १८८६ मध्ये होनोलुलूला आले तेव्हा बडी मंडळी त्यांना टाळत होती. त्यांचं करणारी हीच बाई. १८८८ मध्ये त्या मोलोकाईला गेल्या आणि १९१८ मध्ये तिथेच वारल्या. स्वच्छतेचे नियम इतके कडक की, त्यांच्या जोगिणींपैकी कुणालाही रोग झाला नाही. त्यांच्यावर कुणी चिखलही उडवला नाही आणि कुणी फुलंही उधळली नाहीत. संतपद मिळालं ते २०१२ मध्ये. डेमियन यांना २००९ मध्ये मिळालं होतं.

डेमियन यांच्या वाट्याला मोठेपण आलं ते ढीगभर. अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. हवाईनं पाठवलेला एक पुतळा बेटं जिंकून एक करणाऱ्या ‘थोर’ कामेहामेहा राजाचा आणि दुसरा, १९६९ मध्ये बसवलेला, रोगानं चेहरा विद्रूप झालेल्या डेमियन यांचा. बेल्जियमच्या डच भाषक भागात २००५ साली दूरचित्रवाणीनं सर्वांत थोर बेल्जियन कोण, असा कौल घेतला. पहिले आले डेमियन.

त्याआधी, १९३६ मध्ये, त्यांचा देह मोलोकाईच्या थडग्यातून काढून बेल्जियमला नेला होता. राजा स्वतः सामोरा गेला. लूव्हँ शहरात समारंभानं दफन झालं. इकडे वस्तीत रोगी उरले आणि रिकामं थडगं उरलं. १९४० नंतरच्या दशकात नवी औषधं आली, १९६९ मध्ये सक्तीचा कायदा गेला, तरी बरे झालेले पुष्कळ जण तिथेच राहिले. आपला माणूस आपल्याला परत हवा, असं बेटावरच्या लोकांना वाटत राहिलं. १९९५ साली बेल्जियमहून त्यांचा उजवा हात तेवढा परत आला. तो त्यांनी जुन्याच थडग्यात पुरला.