चार जाड तारा आणि सातपुड्याचा ढोल

लग्नसराईत नवापूर, शहादा, तळोद्याच्या रस्त्यांवर बँडच्या गाड्या दिसू लागतात. गाडीवर कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, गाणारी जोडी असते आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक रचलेले असतात. कधी एखादी लीड गिटारही असते. बेस गिटार मात्र बहुधा नसते. खालचा आवाज कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातातून येतो, नाहीतर मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेल्या रिदममधून. तो मोठ्या डब्यांमधून बाहेर पडला की वरातीतली माणसं खूश होऊन म्हणतात, बेस जबरदस्त आहे.

मी बेस वाजवतो, म्हणून या बाबतीत माझं मत ठाम आहे. छातीत धडधड झाली म्हणजे बेस झाला असं नाही. ताल आणि सूर यांची गाठ बांधायची, कुठला स्वर कधी सुरू करायचा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी थांबवायचा, हे एका माणसाने त्या क्षणी ठरवायचं, ते बेसचं काम. डबे कितीही मोठे आणले तरी ते काम डबे करत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यात बसून हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण खालचा आवाज ऐकणारा कान इथे पूर्वापार आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उंच बांबूचा होळीचा दांडा, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा आणि बुध्या, आणि रात्रभर चालणारा मोठा ढोल. त्या ढोलाची घुमारी आधी पायांना कळते, मग कानाला. शेकडो माणसं फेर धरतात आणि कोणीही मात्रा मोजत नाही, तरी पाऊल चुकत नाही. एका बाजूला पावरी या फुंकवाद्याचा न तुटणारा सूर आणि दुसऱ्या बाजूला ढोलाचा खोल ठोका, या दोहोंमध्ये जी जागा उरते तीच बेस गिटारची जागा आहे. रॉकमध्ये ती जागा भरायला माणसांना वीज आणि लोहचुंबक लागले. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात चामडं आणि पोकळ लाकूड पुरलं.

बेस गिटारचा जन्म एका साध्या अडचणीतून झाला. माणसाहून उंच डबल बेस गावोगाव फिरवणं जिकिरीचं होतं आणि ड्रम, ट्रम्पेट लागले की त्याचा आवाज दबून जायचा. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी 1930च्या दशकात विजेवर चालणारा, आडवा धरायचा, पडदे असलेला बेस बनवला, पण तो फारसा खपला नाही. मग 1951मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून ते नाव. तारेची लांबी 34 इंच ठेवली, ती आजही बहुतेक बेसना तीच असते. 1960मध्ये त्यांचाच जॅझ बेस आला. त्यानंतर शेकडो कंपन्यांनी हजारो नमुने काढले. माझ्या मते या वाद्याची मुख्य गोष्ट 1960 सालीच सांगून झाली होती. नंतरची सुधारणा कारागिरीची आहे, कल्पनेची नाही.

आता वादकांबद्दल. माझ्यासाठी सगळ्यांच्या वर जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची 1960च्या दशकातली असंख्य गाणी त्यांच्या बेसवर उभी आहेत. मुख्यतः 1962चा एक प्रिसिजन, त्यावर सपाट गुंडाळीच्या जाड तारा, ज्या ते सहसा बदलतच नसत, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जे वाजवलं ते आज पाच-सहा तारांचे बेस घेऊन बसलेल्या मुलांना बसवता येत नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव पहिल्यांदा ठळकपणे आलं ते 1971मध्ये, मार्विन गे यांच्या अल्बमवर. 1983मध्ये ते गेले तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची ओळख जवळजवळ नव्हती.

रॉकमध्ये माझा ओढा लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्स यांच्याकडे आहे. बाजूला जॉन बोनहॅमसारखा घणाघाती ड्रमर असताना ते घाई करत नाहीत. आयर्न मेडनचे स्टीव्ह हॅरिस वेगळ्या कुळातले. बँड त्यांनीच 1975मध्ये उभा केला, बरीच गाणी तेच लिहितात, आणि उजव्या हाताच्या बोटांनी घोड्याची टाप वाजवावी तसे वाजवतात. 2007च्या मार्चमध्ये हा बँड बंगळुरूला आला, तेव्हा देशभरातली पोरं रेल्वेने तिकडे धावली होती. पिंक फ्लॉइडचं 'मनी' हे 1973चं गाणं बेसच्या सात मात्रांच्या आवर्तनावर उभं आहे. रूपक तालात बसलेल्या आपल्या कानाला ते मुळीच अवघड जात नाही. गिटारचा एकल भाग आला की तेच गाणं चार मात्रांत जातं आणि सगळा तोल बदलतो. हा बदल शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

बेस नसताना काय होतं तेही ऐकून ठेवावं. मेटालिकाचा 1988चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम घ्या. आधीचे बेसवादक क्लिफ बर्टन 1986मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेड यांनी वाजवलेला बेस मिक्सिंगमध्ये इतका खाली गेला की शोधावा लागतो. गाणी थोर आहेत, पण आवाज कोरडा आहे, जमिनीला टेकत नाही. याउलट डोअर्सकडे मंचावर बेसवादक नव्हताच. त्यांचे कीबोर्डवादक रे मँझरेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सच्या पियानो बेसवर खालचे स्वर वाजवत. म्हणजे आमच्या बँडच्या गाडीवर कीबोर्डवाला जे करतो, तेच. फरक इतकाच की मँझरेक यांचा डावा हात स्वतंत्र विचार करत असे, आणि तरीही स्टुडिओत गेल्यावर डोअर्सनी बऱ्याच गाण्यांना बेसवादक बोलावले. आमच्याकडच्या कीबोर्डवाल्यांत हुशार मुलांची वाण नाही. पण उजव्या हाताने सुरावट, मध्येच रिदम बदलायचं बटण आणि वर गायकाच्या खुणा सांभाळायच्या, यात डाव्या हाताला विचार करायला सवड राहत नाही.

आपल्या मुंबईने हे वाद्य लवकर ओळखलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवत. चरणजित सिंग बेसही वाजवत आणि सिंथेसायझरही. 1982मध्ये त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर यंत्रांवर वाजवून एक रेकॉर्ड काढली, ती तेव्हा कोणी विचारली नाही आणि 2010मध्ये परत निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले. या वादकांची नावं श्रेयनामावलीत येत नसत. जेमरसनचं दुःख आणि यांचं दुःख एकच. रॉकच्या बाजूने पाहिलं तर 1984मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला, पुढे तोच इंडस क्रीड झाला, आणि 1986पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला. आज मोहिनी डे हे मुंबईचं नाव जगभरच्या बेसवादकांना ठाऊक आहे. तिचे वडीलही बेसवादक. वेग तिच्याकडे अफाट आहे, पण मला तिचा वेग नव्हे, तबल्याच्या बोलांवर तयार झालेली तिची लय आवडते.

वाद्य कुठलं घ्यावं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. चार तारांचा, प्रिसिजन घडणीचा, मिळेल तितका साधा बेस घ्यावा. आमच्याकडची मुलं खरेदीला सुरत किंवा नाशिक गाठतात, कोणी थेट मुंबईत धोबीतलावला जातो. तिथे चकचकीत पाच तारांचे बेस समोर मांडलेले असतात. पाचवी जाड तार साधारण 31 हर्ट्झवर बोलते. आपल्या मांडवातल्या कुठल्याही सामान्य स्पीकरमधून तो स्वर स्वर म्हणून बाहेर पडत नाही, नुसता फडफडाट होतो. मग तिचे पैसे कशाला द्यायचे? चार तारांतली सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची आहे. तीही नीट ऐकवायची म्हटलं तर पुष्कळ आहे.

प्रिसिजनचा आग्रह आणखी एका कारणासाठी. लग्नाच्या मांडवात जनरेटर, दिव्यांच्या माळा, पंखे आणि आमची वायर एकाच खांबावरून गेलेली असतात. विजेची घरघर 50 हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा स्वर 49 हर्ट्झचा. दोन्ही इतके जवळ की तो स्वर धरला की सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो, आणि वादकाला वाटतं आपली तार उतरली. खुंट्या पिळत बसावं तर दोष तारेचा नसतोच. 1957पासून प्रिसिजनला दुभंगलेला पिकअप बसवतात, त्यातली दोन वेटोळी बाहेरून शिरणारी घरघर एकमेकांविरुद्ध लावून मारून टाकतात. जॅझ बेसच्या दोन पिकअपपैकी एकाचा आवाज कमी करून दुसऱ्याचा वाढवला की ती घरघर परत येते. अर्थिंगच बिघडलेलं असेल तर कुठलाच बेस वाचवत नाही. तिथे आधी वायरमनला गाठावं.

दुसरा शत्रू आमचं हवामान. मे महिन्यात नंदुरबारचा पारा 42-43 अंशांवर जातो, हवा इतकी कोरडी होते की पट्टीचं लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं कडेने बाहेर येऊन बोटांना कापतात. पावसाळा लागला की तेच लाकूड ओल धरतं, मान वाकते आणि तारा वर उचलल्या जातात. चार तारा मिळून मानेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण टाकतात, तेव्हा हे होणारच. मानेतली लोखंडी सळई ॲलन चावीने एका वेळी पाव आटा फिरवावी, मग वाद्य रात्रभर ठेवून सकाळी पाहावं. एकदम पूर्ण आटा फिरवणाऱ्याच्या हातात वाद्य देऊ नये. आणि बेस उन्हात बंद गाडीत कधीही सोडू नये.

तारा महाग असतात. एका संचाच्या किमतीत साध्या गिटारच्या तारांचे कितीतरी संच येतात. म्हणून मेलेल्या तारा काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळाव्यात. पाण्यावर काळपट तवंग येतो, तो घामाचा आणि मळाचा. कापडाने पुसून पूर्ण वाळवून परत चढवल्या की काही कार्यक्रमांपुरता खणखणीतपणा परत येतो. पण मला स्वतःला जुन्या, मंद झालेल्या तारांचाच आवाज प्रिय आहे. ढोलाबरोबर तोच मिसळतो. नव्या तारेची झणझण ऑक्टोपॅडच्या वाटेत येते.

अँप्लिफायरच्या बाबतीत मी रॉकच्या दंतकथांवर फार विश्वास ठेवत नाही. अँपेगचा 1969चा 300 वॅटचा एसव्हीटी हे भव्य यंत्र आहे, यात वाद नाही. पण क्वीनचे बेसवादक जॉन डीकन यांनी कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून एक छोटा बॅटरीवरचा अँप बनवला आणि त्यावर ब्रायन मे यांनी क्वीनच्या रेकॉर्डवर गिटारचे थर चढवले. मला ती गोष्ट जास्त शिकवते. मांडवात खरी अडचण वॅटची नसते. 41 हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते. मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या छताखाली ती भिंतींवर आपटून एका कोपऱ्यात गडगडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात नाहीशी होते. उघड्या मैदानात ती पसरून जाते. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा डबे जमिनीवर, एकत्र, भिंतीपासून सुटे ठेवावेत आणि मंचावरून उतरून पंगतीच्या टोकाला जाऊन एकदा ऐकावं. रात्री दहानंतर कायद्याने स्पीकर बंद करायचा असतो, तो करावा. गावात तान्ही मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत.

मोबाइलने एक वेगळंच नुकसान केलं आहे. 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी कोट्यवधी वेळा पाहिली गेली, त्यातही बहुतेक वेळा फोनच्या टीचभर स्पीकरवर. त्या स्पीकरमधून बेसचा मूळ स्वर येतच नाही. वरच्या सुरांवरून मेंदू त्याची कल्पना करतो. त्या आवाजावर वाढलेला मुलगा बँडमध्ये येतो तेव्हा खालचा आवाज त्याच्यासाठी नुसता धक्का असतो, त्यात सा आहे की प हे त्याला ऐकू येत नाही. अशा मुलाला मी आधी हेडफोन लावून एकाच गाण्याचा बेस तोंडाने गायला लावतो. गाता आला की मगच वाद्य हातात.

आणि बँडच्या गाडीवर बेसवादक का हवा, याचं सर्वांत ठोस कारण पावरी आहे. पावरी दुधी भोपळ्याची आणि बांबूची. जसा भोपळा, जसा बांबू, तशी तिची पट्टी. कीबोर्डच्या कुठल्याही काळ्या-पांढऱ्या पट्टीत ती नेमकी बसत नाही. हल्ली होतं असं की पावरीवाला म्हातारबाबा मंचावर येतो, सूर जुळत नाही, आणि त्यालाच बाजूला बसवून पावरीचा आवाज कीबोर्डमधून काढतात. हे मला अजिबात मान्य नाही. बेसच्या चार खुंट्या आहेत, त्या कोणत्याही पट्टीला फिरतात. आधी पावरी ऐकावी, ट्यूनर खिशात ठेवावा, तिच्या सुराला जाड तार लावावी, बाकी तीन तारा तिच्यावरून जुळवाव्यात. कीबोर्डमध्येही पट्टी थोडी वर-खाली करायची सोय मेनूत आत कुठेतरी असते, कीबोर्डवाल्याला ती शोधायला लावावी. सूर असे जुळले की मग वाजवताना मोठ्या ढोलाच्या ठोक्यावर बेस वाजवू नये. तो ठोका आपल्याच हद्दीत घुमत असतो, दोघं एकदम बोलले की दोघांचाही चिखल होतो. ठोका पडू द्यावा, त्याची घुमारी उतरायला लागली की आपला स्वर लावावा, आणि पुढच्या ठोक्याआधी तार तळव्याने बंद करावी.