पडदे रंगवणाऱ्या हातांनी घडवलेला कॅमेरा

बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिरांच्या घरात जन्मलेल्या बाबूरावांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. रंग, लाकूड, माती आणि धातू ही माध्यमे ते हाताने काम करत शिकले. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे या कामातले गुरू. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत पश्चिम महाराष्ट्रातल्या नामांकित नाटक मंडळ्यांचे पडदे या जोडीने रंगवले. पुढे याच दोघांच्या डोक्यात सिनेमाचे वेड शिरले आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

दादासाहेब फाळके यांच्या जीवनावर हिंदीत मोठे चित्रपट येणार असल्याच्या बातम्यांनी मूकपटांचा काळ पुन्हा चर्चेत आणला, ही आनंदाची गोष्ट आहे. फाळक्यांचा पहिलेपणाचा मान निर्विवाद आहे. पण या चर्चेत कोल्हापूरचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, आणि तो अन्याय आहे. भारतीय चित्रपटाला घडीव नेपथ्य, हवा तसा वापरता येणारा प्रकाश आणि गावच्या कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट मिळाली, त्यात कोल्हापूरच्या या कारखान्याचा वाटा फार मोठा आहे.

त्या वेळचे कोल्हापूर अशा कामाला पोषक होते. शाहू महाराजांनी गायक, मल्ल, चित्रकार आणि नट यांना आश्रय दिला होता. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार दरबारात होता. १९१५ मध्ये बांधलेले पॅलेस थिएटर शहरात उभे होते. हेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ऑगस्ट २०२४ च्या आगीत ते भस्मसात झाले, तेव्हा कोल्हापूरकर का रडले हे या इतिहासावरून कळते. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदेही याच भावांनी रंगवले होते. सपाट कापडावर राजवाड्याच्या कमानींची रांग खोल गेल्याचा भास निर्माण करणे हे पडदे रंगवणाऱ्याचे खरे कौशल्य. जवळचे आणि लांबचे, उजेडातले आणि सावलीतले यांचा हिशेब बाबूरावांच्या बोटांत बसला तो इथेच.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि तो पाहून दोघे भाऊ चित्रपटांच्या मागे लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रक्षेपक विकत घेतला. चित्रपट दाखवता दाखवता त्यांनी ते यंत्र नीट समजून घेतले. यानंतरचा भाग या चरित्रातला सर्वांत विलक्षण आहे. विलायतेहून कॅमेरा मागवण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा कॅमेरा कोल्हापुरातच बनवायचे ठरले.

ही गोष्ट किती अवघड होती हे समजण्यासाठी यंत्राचे काम पाहावे लागते. चित्रपटाची फीत कॅमेऱ्यातून सलग वाहत नाही. ती प्रत्येक चित्रापुरती थांबते, तेवढ्या क्षणात भिंगातून आलेला उजेड तिच्यावर पडतो, मग झडप बंद होते आणि त्या अंधारात फीत एका चित्राइतकी खाली ओढली जाते. मूकपटांच्या काळात साधारणपणे सेकंदाला सोळा चित्रे घेतली जात, आणि तीही हाताने दांडा फिरवून. फितीच्या कडेच्या भोकांत अडकणारे दात, फीत ओढणारी खीळ आणि फिरती झडप यांचा मेळ केसभर जरी चुकला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. प्रक्षेपकातही फीत याच पद्धतीने थांबत-थांबत सरकते. फरक इतकाच, की तिथे उजेड आतून बाहेर जातो. म्हणून जुना प्रक्षेपक हेच भावांचे पाठ्यपुस्तक ठरले. यंत्राचा प्रत्येक भाग कानशीने घासून, कातून, पुन्हा बसवून पाहावा लागत होता.

हे काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांचा गुरू आणि भागीदार एकाच वेळी गेला. तरीही काम थांबले नाही. विष्णुपंत दामले हा यंत्राची उत्तम जाण असलेला शिष्य त्यांच्याबरोबर होता, आणि १९१८ मध्ये दोघांनी चालता कॅमेरा तयार केला. तंत्रशिक्षणाची पदवी नसलेल्या माणसांनी संस्थानी शहरातल्या एका कार्यशाळेत हे करून दाखवले. ‘पहिला चित्रपट’ हा टप्पा अभ्यासक्रमात शिकवला जातो. या कॅमेऱ्यालाही तिथे तितकीच जागा हवी.

कॅमेरा झाला, पण कंपनी चालवायला भांडवल हवे होते. ते पुढे केले तानीबाई कागलकर या गायिकेने. चित्रपटात पैसा घालणे हा त्या काळी निव्वळ जुगार होता, आणि सावकार-व्यापारी त्यापासून लांब राहिले असताना एका कलावंत बाईने तो धोका पत्करला. मराठी चित्रपटाच्या उपकारकर्त्यांची यादी करताना तानीबाईंचे नाव शाहू महाराजांच्या शेजारी यायला हवे. दामले यांच्याबरोबर शेख फत्तेलाल हे चित्रकार कंपनीचा दुसरा आधार झाले. काही काळाने बाबूराव पेंढारकर आले, आणि त्यांच्या ओळखीने १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे (पुढचे व्ही. शांताराम) हा कोवळा मुलगा दाखल झाला. केर काढण्यापासून रंग कालवण्यापर्यंत पडेल ते काम करत शिकायचे, अशी इथली पद्धत होती. शांतारामबापूंनी ‘शांतारामा’ या आत्मचरित्रात त्या दिवसांबद्दल भरभरून लिहिले आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात तो लागला. कथा कीचकवधाची, आणि तिला राजकीय धार होती. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला होता, म्हणून सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली होती. दहा वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली. बाळासाहेब यादव भीम होते, तर झुंझारराव पवार कीचक. वधाचे दृश्य इतके खरे उतरले की ते पुढे सेन्सॉरने काढायला लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांत टिळक गेले.

‘सैरंध्री’तल्या स्त्रीभूमिका गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी केल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी आल्या. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले यांनी आधीच काम केले होते, म्हणून इथे पहिलेपणाचा दावा करता येत नाही. मात्र चित्रपटात काम करणाऱ्या बाईला समाज पंगतीत घेत नसे, अशा दिवसांत या दोघी उभ्या राहिल्या आणि कमलादेवींनी पुढेही कंपनीच्या अनेक चित्रपटांचा भार वाहिला.

बाबूरावांच्या कामाची खरी ओळख पटते ती चौकटीच्या मांडणीत. रंगभूमीवर दिव्याच्या उजेडात खोल दिसणारा पडदा कॅमेऱ्यासमोर, उघड्या उन्हात, कापडासारखाच सपाट दिसतो आणि वाऱ्याने हलला तर राजवाडाच हलतो. पडदे रंगवण्यात हयात घालवलेल्या माणसाने म्हणूनच पडदा बाजूला सारला आणि नटांना वावरता येईल असे खांब, जिने, ओसऱ्या उभ्या केल्या. रंगांचाही वेगळा विचार करावा लागे. त्या काळच्या फितीला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. लाल शालू काळा येई आणि निळे आकाश पांढरे. कोणता रंग करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल हे आधीच ओळखून भिंती आणि वस्त्रे ठरवणे हे चित्रकाराचे काम होते. बाबूराव पटकथा स्वतः लिहीत. चित्रीकरणाआधी दृश्यांची आणि वेशभूषेची रेखाटने करून ठेवत. जाहिरातीची भित्तिपत्रकेही ते रंगवत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे भित्तिपत्रक भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका प्रेक्षकांच्या हाती देण्याची प्रथाही त्यांनी रूढ केली.

१९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये शांताराम कृष्णाच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर आले. १९२३ चा ‘सिंहगड’ हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बेतला होता. तानाजीची कथा रात्रीची आहे आणि तोवरचे चित्रीकरण उन्हाच्या भरवशावर चालत असे. बाबूरावांनी विजेचे प्रखर दिवे लावून रात्र उभी केली. भारतीय चित्रपटातला कृत्रिम प्रकाशाचा हा आरंभीचा आणि सर्वांत गाजलेला प्रयोग. ‘सिंहगड’ची गर्दी पाहून मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे नेहमी लिहिले जाते. मुंबईचा करमणूक शुल्काचा कायदा १९२३ चा आहे हे खरे, पण बंगालमध्ये असा कर त्याच्या आदल्याच वर्षी आला होता. कराचे सगळे श्रेय एका चित्रपटाला देण्याची गरज नाही. ‘सिंहगड’चे मोठेपण त्यावाचून अडत नाही.

पौराणिक आणि ऐतिहासिक यशाच्या या वाटेवर १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ आला. नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा हा मूकपट. सावकार खोट्या कागदांच्या आधारे शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो तरुण शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो, ही त्याची गोष्ट. शेतकरी शांताराम होते, सावकार झुंझारराव पवार. दख्खनच्या प्रेक्षकाला हा विषय पुस्तकातून कळण्याची गरज नव्हती. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, आणि शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९ चा कायदा होऊनही कर्जाचे ओझे हटले नव्हते. पण घराघरात माहीत असलेले हे दुःख तोवर पडद्यावर आले नव्हते. पडद्यावर देव होते, राजे होते, राक्षस होते. बाबूरावांनी तिथे एक पडकी झोपडी आणली. अंधारलेली झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे या एका दृश्याची आठवण जे. बी. एच. वाडिया यांच्यासारख्या जाणकाराने पुढे कित्येक वर्षांनी आवर्जून सांगितली.

प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाला तितकी साथ दिली नाही. चमत्कार आणि लढाया पाहायला आलेल्या माणसाला घरचेच संकट पुन्हा बघायचे नव्हते. कंपनी पौराणिक विषयांकडे परतली. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा. जमीन वाचवण्यासाठी शहरात गेलेल्या त्या शेतकऱ्याचे कौतुक जगभर झाले, आणि ते रास्तच आहे. पण कर्ज, कागद, गाव आणि शहर ही सगळी साखळी अठ्ठावीस वर्षे आधी कोल्हापुरात मांडली गेली होती, हे त्या कौतुकात क्वचितच सांगितले जाते. आपट्यांच्याच कादंबरीवर शांतारामबापूंनी १९३७ मध्ये ‘कुंकू’ केला. गुरूने दाखवलेली दिशा शिष्याने सोडली नव्हती.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचे चित्रपट १९३० पर्यंत येत राहिले. ‘नेताजी पालकर’ने १९२७ मध्ये शांतारामांना दिग्दर्शक केले. बाबूराव मात्र संथपणे, मनासारखे होईपर्यंत काम करणारे, आणि चित्रपटाचा व्यवसाय दिवसेंदिवस घाईचा होत चाललेला. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर प्रभात फिल्म कंपनी निघाली. चार वर्षांनी प्रभात पुण्याला गेली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरव झाला. त्या चित्रपटातली देहूची घरे, ओटे आणि साधी माणसे पाहताना कोल्हापूरची तालीम ओळखू येते. ‘आलम आरा’ने १९३१ मध्ये बोलपट आणला, आणि त्याच सुमारास मूळ कंपनी बंद पडली.

बोलपटांच्या काळात बाबूरावांनी मोजकेच चित्रपट केले. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह, केला. त्यानंतर ‘प्रतिभा’ आला. मधल्या वर्षांत ते चित्रे आणि शिल्पे घडवण्याकडे परतले होते. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमल या संस्थेच्या ‘लोकशाहीर रामजोशी’वर दिग्दर्शक म्हणून शांतारामांबरोबर त्यांचेही नाव आले. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या त्या चित्रपटाने तमाशापटांची लाट आणली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे निधन झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी जवळजवळ सगळे नष्ट झाले आहेत. नायट्रेटची फीत सहज पेट घेते आणि न पेटली तरी वर्षागणिक सडते. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या १९२७ च्या दोन चित्रपटांचे अपुरे भाग तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’ आणि पहिला ‘सावकारी पाश’ यांचा अभ्यास आज छायाचित्रे, पुस्तिका, भित्तिपत्रके आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांवरूनच करावा लागतो. फाळक्यांच्या कथेला मोठा पडदा मिळत असताना निदान ही कागदपत्रे एकत्र करून, छापून आणि शिकवून मराठी वाचकांसमोर आणण्याचे काम कोल्हापूरच्या आणि राज्याच्या संस्थांनी हाती घ्यायला हवे.