वेळेची रोजकीर्द

दिवाळीच्या पाडव्यास आमचे व्यापारी बंधु नव्या वह्यांची पूजा करितात, आणि पुढें वर्षभर रोजमेळ घातल्यावांचून दुकानांतून उठत नाहींत. दहा रुपयांची चूक निघाली तर ती सांपडेपर्यंत त्यांस अन्न गोड लागत नाहीं. ही दक्षता सर्वथा स्तुत्य होय. परंतु पैशाचा असा कडक हिशेब ठेवणाऱ्या गृहस्थांस ‘आजचे बारा तास कोठें गेले?’ असें विचारावें, तर बहुतेक जण आढ्याकडे पाहूं लागतील! गेलेला रुपया उद्यां परत मिळण्याचा संभव असतो. गेलेली घटका मिळण्याचा नसतो. मग जिची भरपाई नाहीं, तिचीच वही आम्हीं ठेवूं नये, हा कोठला न्याय?

यावर ठरलेलें उत्तर येतें: “धंद्यांत वेळापत्रक चालत नाहीं. गिऱ्हाईक घड्याळ पाहून येत नाहीं.” हा आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं छापखाना चालवून नांवारूपास आलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनीं दिवसाच्या चोवीस तासांची वांटणी करून ठेविली होती. पहांटे पांचास उठून दिवसाचा बेत करावा, आठास कामास लागावें, दुपारीं जेवणाच्या सुमारास हिशेब पाहावा, सायंकाळीं वस्तु जागच्या जागीं ठेवून दिवसाची झडती घ्यावी, दहास निजावें, असा तो क्रम होता. पण १७८४ सालीं, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीं, आत्मचरित्रांत त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें कीं, सर्व गुणांत व्यवस्थितपणाच आपणांस अधिक जड गेला. पगारी कारागिरास हा क्रम साधेल, पण ज्यास लोकांच्या सोयीनें त्यांची भेट घ्यावी लागते त्या मालकास तो तंतोतंत पाळणें शक्य नाहीं. तरीहि या प्रयत्नानें आपलें आयुष्य अधिक सुखाचें झालें, असा त्यांचा निर्वाळा आहे.

तेव्हां घटका-घटका बांधून टाका, असा आमचा आग्रह नाहीं. कामांचा अग्रक्रम मात्र ठरविलाच पाहिजे. रोजमेळ आटोपला कीं त्याच बैठकींत उद्यांचीं पांच-सहा कामें कागदावर लिहावीं. बँकेचा हप्ता, कराचा भरणा, अशीं ज्यांची मुदत उद्यांच भरते, त्यांवर प्रथम खूण करावी. जीं दुसऱ्यास करितां येतील, त्यांपुढें त्याचें नांव घालावें. जें आपल्यावांचून होणार नाहीं आणि टळल्यास पुढें मोठें नुकसान करील, तें दुकान उघडण्यापूर्वींच हातीं घ्यावें. कारण एकदां गिऱ्हाइकांची वर्दळ आणि खिशांतील भ्रमणध्वनीची हांक सुरू झाली कीं तेंच मागें पडतें. राहिलेलें काम ‘मागील बाकी’ म्हणून दुसऱ्या दिवशीं पुढें ओढावें. तीन दिवस तीच बाकी निघूं लागली, तर तें काम करून तरी टाकावें किंवा साफ खोडावें. बुडीत खातें किती दिवस वागवावयाचें?

हा प्रश्न केवळ मालकाच्या नफ्या-तोट्याचा असता तर आम्हीं एवढी लेखणी झिजविली नसती. मालकानें सकाळ गप्पांत घालविली कीं माल मोजण्याचें काम रात्रीं नवास निघतें, आणि गुमास्त्याचीं मुलें बापाचें तोंड न पाहतां झोपीं जातात. मालकाच्या घरीं ताट झांकून गृहिणी ताटकळत बसते. तिच्या झोपेचे तास कोणत्या वहींत जमा होतात? एकाच्या अव्यवस्थेचा भुर्दंड असा दुसऱ्याच्या विश्रांतींतून वसूल होतो, आणि त्याची पावतीहि कोणी देत नाहीं. दुसऱ्याचा पैसा अडकवून ठेवणें ज्यास लाजिरवाणें वाटतें, त्यानें दुसऱ्याचा वेळहि देणेंच मानावा.

आज रात्रीं वही मिटण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एक कोरा कागद पुढें ओढावा, आणि त्याच्या पहिल्या ओळींत उद्यां गुमास्त्यास घरीं सोडण्याची वेळ लिहावी. ती पाळावयाची एवढें ठरलें, म्हणजे बाकीच्या कामांस क्रम लावणें फारसें कठीण जाणार नाहीं.