कोल्हापूरचा कडेचा खेळाडू

फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूचे अकरा गडी असतात. त्यांपैकी प्रेक्षकांच्या सर्वांत जवळून धावतो तो कडेचा खेळाडू. इंग्रजी वर्तमानपत्रे त्याला ‘विंगर’ म्हणतात. आपल्याकडची जुनी मंडळी ‘राइट आउट’ आणि ‘लेफ्ट आउट’ म्हणत असत. त्याचे काम सांगायला सोपे आहे. चुन्याच्या रेषेला धरून पळायचे, आडव्या आलेल्या बचावपटूला चकवायचे आणि चेंडू उचलून गोलासमोर टाकायचा. पुढे गोल दुसराच कोणी मारतो आणि नावही त्याचेच छापून येते. मैदान सुमारे १०५ मीटर लांब. ते अंतर दीड तासात कितीदा तरी वरखाली करायचे, आणि दहा धावांतून एखाद्याच वेळी चेंडू नेमक्या जागी पडायचा, हा ह्या जागेचा धर्म.

मग उरलेल्या नऊ धावा वाया गेल्या काय? मैदानाबाहेर हाच प्रश्न आपण दुसऱ्या शब्दांत विचारतो : ‘‘एवढे खेळून शेवटी मिळाले काय?’’ सदाशिव पेठेतल्या घरांत तर हा प्रश्न दहावीच्या वर्षी हमखास विचारला जातो. पेठेला खेळाचे वावडे आहे असे मात्र नव्हे. इथल्याच स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांनी क्रिकेटमध्ये महाराष्ट्राचे नाव गाजवले आणि १०१ वर्षांचे आयुष्य भोगून १९९३ साली डोळे मिटले. पण त्या कौतुकातही एक मेख होती. प्राध्यापकी शाबूत ठेवून केलेला खेळ पेठेला मानवतो. खेळालाच प्राध्यापकी मानणारा मुलगा घरात निघाला, की आईवडिलांची झोप उडते. त्यातून तो खेळ फुटबॉल असला, म्हणजे विचारायलाच नको. पुण्यात फुटबॉल रुजला तो लष्करात आणि खडकीत. पेठांच्या वाड्यांतल्या चौकांत चेंडू आला तो बहुधा रबरी आणि बॅटीसकट!

कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे फुटबॉल तालमीत वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकली, की परक्या माणसाला लाल माती आणि शड्डू आठवावेत. पण ह्याच नावांचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि त्यांच्या सामन्यांना सारी पेठ लोटते. विश्वचषक आला, की निम्मे शहर ब्राझीलचे होते आणि निम्मे अर्जेंटिनाचे. मिसळीच्या तिखटावर तडजोड होईल, संघावर होणार नाही! अशा गावात १३ जुलै २००० रोजी अनिकेत जाधव जन्माला आला. वडील रिक्षाचालक. घरात पाठीशी पैसा नव्हता; पण फुटबॉल खेळणे म्हणजे वाया जाणे, असे मानणारी हवाही त्या गावात नव्हती. गरिबाच्या मुलाला ही हवा मिळणे, हे अर्धे भांडवलच होय.

उरलेले अर्धे भांडवल त्याला पुण्याने दिले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडी येथे शिवछत्रपतींच्या नावाने मोठे क्रीडासंकुल उभे राहिले. पुढे तिथेच राज्य शासनाच्या ‘क्रीडा प्रबोधिनी’चे निवासी केंद्र चालू लागले. राज्यभरातल्या शाळकरी मुलांची उंची, वेग, चपळाई ह्यांच्या चाचण्या घ्यायच्या, निवडक मुले आणायची आणि त्यांचे जेवण, शाळा व सराव ह्यांची सोय एकाच जागी करायची, अशी ही योजना. अनिकेत लहानपणीच ह्या केंद्रात दाखल झाला. ज्या वयात आपली मुले दप्तर कोणी उचलायचे ह्यावरून आईशी हुज्जत घालतात, त्या वयात आईपासून सव्वादोनशे किलोमीटरवर राहायचे आणि पहाटे उठून मैदानावर उतरायचे, ही शिस्त सोपी नव्हे.

चौदाव्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, जर्मनीतल्या बायर्न म्युनिक ह्या बलाढ्य क्लबाच्या युवा स्पर्धेसाठी भारतातून जी मुले निवडली गेली, त्यांत तो होता. त्यानंतर सतरा वर्षांखालच्या भारतीय संघाची दारे उघडली. २०१७ साली त्या वयोगटाचा विश्वचषक भारतात भरला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला. फुटबॉलच्या कोणत्याही विश्वचषकात भारतीय संघ उतरण्याचा तो पहिलाच प्रसंग. पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस हे प्रशिक्षक होते आणि अनिकेत आघाडीच्या फळीत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अमेरिकेने आपल्याला ३-० असे, कोलंबियाने २-१ असे आणि घानाने ४-० असे हरवले. तीन सामने, तीन पराभव. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल एवढीच त्या हिशेबातली जमेची बाजू. ‘‘मिळाले काय?’’ विचारणाऱ्यांना उत्तर देणे त्या आठवड्यात अवघडच होते.

पण महासंघाने ती मुले विखरू दिली नाहीत. ‘इंडियन ॲरोज’ ह्या नावाने पोरसवदा खेळाडूंचा संघ आय-लीगमध्ये उतरवला गेला. समोर पंचविशी-तिशीतले, अंगाने भरलेले, परदेशी खेळाडूंच्या जोडीने खेळणारे संघ. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर पहिला सामना झाला तो चेन्नई सिटीशी. ॲरोजने तो ३-० असा जिंकला आणि त्यांतले दोन गोल अनिकेतचे होते. सतरा वर्षांच्या मुलाने व्यावसायिक खेळात टाकलेले हे पहिले पाऊल. मोसमाच्या शेवटी मात्र हा संघ तळालाच राहिला. मिसरूड फुटलेल्यांनी मिशावाल्यांशी झुंजायचे म्हटले, की असे व्हायचेच.

पुढच्या वर्षी आणखी एक धडा मिळाला. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोतिफ स्पर्धेत वीस वर्षांखालच्या भारतीय संघाची गाठ अर्जेंटिनाशी पडली. भारत आघाडीवर असताना उत्तरार्धात पंचांनी अनिकेतला लाल पत्ता दाखवला. उरलेला सामना दहाच जण खेळले आणि तरीही भारताने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले! अर्ध्या कोल्हापूरने ज्या देशासाठी रात्री जागवल्या, त्याला आपली मुले हरवत होती, आणि कोल्हापूरचा गडी रेषेबाहेर होता. तरुण खेळाडूच्या चरित्रात असे दिवसही येतात. ते गाळून चरित्र लिहिले, तर ते चरित्र राहत नाही, जाहिरात होते.

ह्यानंतर, २०१९ साली, तो इंग्लंडला गेला. ही वाट पुन्हा पुण्याहूनच जात होती. लँकेशायरमधले ब्लॅकबर्न हे जुने कापडगिरण्यांचे गाव. त्याच्या शेजारच्या डार्वेनला १९३१ साली महात्माजी गिरणीकामगारांना भेटायला गेले होते. भारतातल्या विलायती कापडाच्या बहिष्काराने ज्यांच्या चुली थंडावल्या, त्याच लोकांनी त्यांचे स्वागत केले. त्या गावचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५ सालचा; १८८८ मध्ये इंग्लिश लीग सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांपैकी एक, आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला तो कुक्कुटपालनाच्या व्यवसायातल्या पुण्याच्या ‘वेंकीज’ने. पुण्याच्या मालकांना तिथे यश आले नाही. २०१२ साली क्लब वरच्या श्रेणीतून घसरला. संतापलेल्या प्रेक्षकांपैकी कोणी तरी क्लबाच्या निशाणात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली! २०१७ साली तो तिसऱ्या श्रेणीत उतरला आणि वर्षभरात दुसऱ्या श्रेणीत परतला. त्याच क्लबात अनिकेतला सुमारे तीन महिने सरावाची संधी मिळाली.

तीन महिने सराव. सामने मात्र नव्हेत. असे का? विलायतेत परदेशी खेळाडूला काम करण्याचा परवाना लागतो. त्या काळच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या ५० मध्ये असावा लागे आणि खेळाडूने देशाच्या मुख्य संघातले ठरावीक सामने खेळलेले असावे लागत. भारत तेव्हा शंभराच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे मुलगा कितीही वेगाने पळाला, तरी त्याचा देश मागे राहिला, की तोही मागेच! हा अनुभव एकट्या अनिकेतचा नव्हे. १९३६ साली कलकत्त्याचा मोहम्मद सलीम हा कडेचाच खेळाडू ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून पायाला पट्ट्या बांधून, बुटांवाचून दोन सामने खेळला. तेव्हा परवान्याचे लचांड नव्हते. बायचुंग भुतिया १९९९ साली तिसऱ्या श्रेणीतल्या बरी क्लबात गेला. तिथल्या तीन मोसमांत ३७ सामने आणि तीन गोल एवढीच त्याची नोंद, पण दार किलकिले झाले ते त्याच्यामुळे. २००९ साली सुनील छेत्रीचा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार होऊनही परवाना नाकारला गेला. तेव्हाची अट पहिल्या ७० देशांची होती. आणि गंमत पाहा : ज्या बरी क्लबाने भुतियाला घेतले, तोच क्लब पैशाच्या अडचणीपायी २०१९ साली लीगमधून काढून टाकला गेला. अस्थिरता केवळ आपल्याच नशिबी आहे असे नाही.

मात्र आपल्याकडची अस्थिरता अधिक बोचते. बालेवाडीच्या ज्या संकुलात अनिकेत घडला, त्याच संकुलातले स्टेडियम पुण्याच्या व्यावसायिक संघांचे घर होते. २००७ साली निघालेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला. २०१४ साली आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. इंग्लंडहून परतलेला अनिकेत जमशेदपूरकडे गेला आणि २९ ऑक्टोबर २०१९ रोजी त्याने सुपर लीगमध्ये गोल केला, तोही ह्याच हैदराबाद संघाविरुद्ध. पुढे २०२१ साली तो हैदराबादकडेच गेला. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला हरवून हैदराबादने विजेतेपद मिळवले, तेव्हा तो त्या संघाचा एक गडी होता. त्याच महिन्यात बहारीनमधल्या सामन्यांसाठी भारताच्या मुख्य संघात त्याची निवड झाली.

म्हणजे झाले काय? रोप पुण्याने लावले, पाणी पुण्याने घातले. आणि फळ धरायची वेळ आली, तेव्हा पुण्याने आपली बागच दुसऱ्या शहराला दिली. ह्यात मुलाचा दोष नाही आणि त्याच्या आईबापांचा तर नाहीच. आपण प्रश्न विचारतो तो नेहमी मुलाला : ‘‘खेळून मिळाले काय?’’ खरे तर तो शहराला विचारायला हवा : ‘‘खेळणाऱ्यासाठी तू ठेवलेस काय?’’ चौदाव्या वर्षापर्यंत आपल्याकडे शिबिरे आहेत, पदके आहेत, हारतुरे आहेत. अठराव्या वर्षानंतर त्याच मुलाने सकाळी कुठे जायचे आणि महिन्याकाठी घरी काय न्यायचे, ह्याचे उत्तर मात्र दर तीन-चार वर्षांनी बदलते.

म्हणून घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने फुटबॉलचा हट्ट धरला, तर आईवडिलांनी दोन गोष्टी कराव्यात. पुस्तके बाजूला पडू देऊ नयेत. कारण एका दुखावलेल्या गुडघ्यानेही हा व्यवसाय संपतो. आणि दुसरी, परीक्षेच्या आदल्या दिवशी देतो तेवढे महत्त्व सामन्याच्या आदल्या दिवसालाही द्यावे. निदान एक सामना रेषेपाशी उभे राहून पाहावा. कडेने धावणारा तिथून अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. चेंडू गोलासमोर पडो न पडो, तो वळतो आणि पुन्हा आपल्या जागी धावत येतो, कारण पुढचा चेंडू केव्हाही त्याच्याकडे यायचा असतो. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या एका माणसाने आपल्या मुलाच्या अशा धावा वाया मानल्या नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांची मिळकत त्याच्याहून बरी आहे. धीर तेवढा त्याच्याकडून घ्यावा.