हिमवर्षावातली वीज

वीज म्हटली की आपल्याला वळीव आठवतो. दिवसभराची तलखी, दुपारनंतर काळवंडलेले आभाळ, धुळीचा लोट आणि मग कडकडाट. वीज ही उन्हाळ्याचीच लेक, असा आपला पक्का समज असतो. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा होकुरिकू प्रदेश या समजाला छेद देतो. तिथल्या कानाझावा शहरात वर्षाकाठी चाळीसहून अधिक दिवस मेघगर्जना होते आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्याचा, म्हणजे बर्फ आणि गारांच्या दिवसांचा असतो. हिवाळ्याच्या तोंडाशी होणाऱ्या गडगडाटाला तिथले कोळी ‘बुरी-ओकोशी’ म्हणतात, म्हणजे बुरी माशाला जागे करणारा. तो ऐकू आला की तोयामाच्या उपसागरात बुरीचा हंगाम आला असे समजायचे.

उष्णता नसताना वीज येते कुठून? खरे तर अभिसरणाला नुसती उष्णता लागत नाही, खालच्या आणि वरच्या तापमानातला फरक लागतो. हिवाळ्यात सायबेरियाची कोरडी, गोठलेली हवा जपानच्या समुद्रावरून वाहते. त्या समुद्रातून सुशिमा हा उबदार प्रवाह जातो. डिसेंबरातही त्याचे पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर असते. म्हणजे समुद्रच चूल होतो. हवा खालून तापते, बाष्प घेते, उसळते आणि ढगांच्या लांबच लांब रांगा किनाऱ्याकडे निघतात. मात्र हे ढग बुटके असतात. आपल्याकडचा वळवाचा ढग १२ ते १५ किलोमीटर उंची सहज गाठतो. यांचा माथा बहुधा ४ ते ६ किलोमीटरवरच थबकतो.

एवढ्याशा ढगात वीज तयार होण्याचे रहस्य गारेत आहे. ही आपल्या गारपिटीतली कठीण गार नव्हे. साबुदाण्याच्या आकाराची, पांढरी, बोटांत चिरडली जाणारी ही भुरभुरी गार. शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब हिमकणावर आदळून जागीच गोठतात आणि ती वाढत जाते. त्याच ढगात हलके हिमस्फटिकही तरंगत असतात. गार आणि स्फटिक एकमेकांवर आपटून दूर होतात तेव्हा विद्युतभाराची वाटणी होते. त्सुतोमु ताकाहाशी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की साधारण उणे १० अंशांपेक्षा थंड हवेत गार ऋणभारित होते आणि त्याहून उबदार हवेत बहुधा धनभारित. ढगाच्या विजेचा हिशेब बऱ्याच अंशी या एका आकड्याभोवती फिरतो.

म्हणून ही उणे १० अंशांची पातळी जमिनीपासून किती उंच आहे, याला महत्त्व येते. होकुरिकूच्या ढगांचा अभ्यास करताना मिचिमोतो यांना आढळले, की ती सुमारे १.८ किलोमीटरच्या वर असेल तर विजा जोरात होतात, त्याखाली आली की मंदावतात आणि १.४ किलोमीटरच्याही खाली गेली तर जवळजवळ थांबतातच. थंडी फार वाढली की भारनिर्मितीला जागाच उरत नाही. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: कडाक्याच्या थंडीपेक्षा तिच्या आधीचे दिवस अधिक गर्जतात. कोळ्यांच्या माशाची वेळ का जुळते, हेही यातून उलगडते.

पुढचा भाग पावसाच्या, म्हणजे इथे गार-बर्फाच्या, रचनेचा. जड गारा लवकर, किनाऱ्यालगतच पडून जातात. हलका बर्फ वाऱ्याबरोबर आत डोंगरांकडे जातो. गारा पडून गेल्या की ढगात मागे राहतो तो स्फटिकांवरचा धनभार, आणि जोराचा वारा त्याला एका अंगाला लोटत नेतो. त्यामुळे उन्हाळ्यात जमिनीवर पडणाऱ्या विजांत धनभारित विजा सुमारे दहा टक्केच किंवा त्याहून कमी असतात, तिथे होकुरिकूच्या हिवाळ्यात काही मोजण्यांत त्या एक तृतीयांशापर्यंत भरल्या आहेत. ढग अल्पायुषी असल्यामुळे कित्येकदा सगळा खेळ एकाच विजेत आटोपतो. जपानीत तिला ‘एकाच बाराची वीज’ अशा अर्थाचे नाव आहे.

ढग इतका खाली असल्याचे आणखी एक फळ ६ फेब्रुवारी २०१७ रोजी काशिवाझाकी इथे मिळाले. एका विजेनंतर जमिनीवरच्या उपकरणांनी गॅमा किरण टिपले. विजेने हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रकांत बदल घडवला होता, हे तेरुआकी एनोतो आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवले. उंच ढगातून असे किरण खाली पोचेपर्यंत हवेतच शोषले जातात.

किनाऱ्यावर उभ्या पवनचक्क्यांना मात्र हे बुटके ढग महागात पडतात. इथे वीज पुष्कळदा पात्याच्या टोकापासूनच वर ढगाकडे निघते आणि एका वेळी प्रचंड भार वाहून नेते. आंतरराष्ट्रीय मानकाची सर्वोच्च पातळी ३०० कूलॉमची. जपानने हिवाळी विजांच्या पट्ट्यासाठी ६०० कूलॉम धरले. वीज पडल्याचे कळताच चक्की थांबवायची आणि पाती तपासूनच पुन्हा फिरवायची, अशी तिथली रीत आहे. पण पहिलीच वीज शेवटचीही असेल, तर लांबून ऐकू येणाऱ्या गडगडाटाची सूचना मिळत नाही. अशा वेळी फुग्याने मोजलेली उणे १० अंशांची उंची आणि रडारवर किनाऱ्याकडे सरकणाऱ्या गारांच्या रांगा, यांवरच मदार ठेवावी लागते.