व्हॉल्व गाईड : एका दुरुस्तीची क्रिया व तिची परिभाषा

१. विषयाचे स्थान

नंदुरबार जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी नौकेच्या इंजिनाचा प्रश्न त्यास परका नाही. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला. डोंगरांच्या घळींत पाणी शिरल्याने काही पाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध होडीवरच अवलंबून राहिला. आरोग्यसेवेसही तेथे तरंगत्या दवाखान्यांचा आधार घ्यावा लागला. अशा ठिकाणी इंजिन भर पाण्यात बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. रुग्ण, धान्य आणि माणसे एकाच वेळी खोळंबतात. शिडाच्या जुन्या सागरी नौकेच्या पोटातील इंजिन असो की जलाशयावरील यांत्रिक होडीचे असो, प्रस्तुत दुरुस्तीची तत्त्वे दोहोंस सारखीच लागू पडतात.

२. ‘झडप’ शब्दाने निर्माण होणारा घोटाळा

पाठ्यपुस्तकी मराठीत ‘व्हॉल्व’ला ‘झडप’ असा प्रतिशब्द आहे. हृदयाच्या झडपांस तो चपखल बसतो, कारण त्या पापुद्र्यासारख्या हलून वाट उघडतात व मिटतात. इंजिनाचा व्हॉल्व मात्र तसा नसतो. त्याचा आकार छत्रीसारखा असतो : खाली पसरट टोपी आणि वर लांब दांडी. तो बिजागरीवर फिरत नाही, तर सरळ रेषेत खालीवर होतो. या गतीला आधार म्हणून दांडीभोवती ओतीव बिडाची अथवा ब्राँझची जी नळी हेडमध्ये घट्ट बसविलेली असते, ती ‘गाईड’ होय. ‘झडप’ या शब्दावरून बिजागरीचे चित्र मनात उभे राहिल्यास या नळीचे प्रयोजनच कळेनासे होते. विद्यापीठात ‘गाईड’ म्हणजे प्रबंधाचा मार्गदर्शक किंवा परीक्षेची पुस्तिका. कारखान्यात मात्र ती झिजणारी, ठोकून काढावयाची वस्तू आहे. एकाच उसन्या शब्दाला व्यवसायपरत्वे भिन्न अर्थ कसे प्राप्त होतात, याचे हे सुबोध उदाहरण आहे.

३. झिजेची कारणे व लक्षणे

चार फेऱ्यांचे इंजिन मिनिटास १५०० आवर्तने करीत असल्यास प्रत्येक व्हॉल्व मिनिटास ७५० वेळा, म्हणजे तासास ४५,००० वेळा, उघडतो व मिटतो. रॉकर दांडीच्या टोकावर दाब देतो तेव्हा तो किंचित आडवाही ढकलतो; त्यामुळे गाईडचे भोक कालांतराने लंबगोल होते. नौकेच्या इंजिनात आणखी एक कारण असते. इंजिन दीर्घकाळ बंद राहिल्यास धुराच्या नळीतून ओलावा आत शिरतो, एक्झॉस्ट व्हॉल्वची दांडी गंजते, आणि तो खरबरीत गंज गाईडला कानशीप्रमाणे झिजवितो.

इनलेट व्हॉल्वचे गाईड झिजले की वंगण दांडीवरून ओघळून सिलिंडरात उतरते व निळसर धूर दिसतो. कारागीर यासच ‘इंजिन ऑइल खाते’ असे म्हणतो. एक्झॉस्टच्या बाजूस झीज असेल तर व्हॉल्व सीटवर तिरपा बसतो, फटीतून तप्त वायू निसटतात आणि व्हॉल्वची कड जळते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी ऑइल खाल्ले जाते. परंतु त्या वेळी क्रँक केसमधील वायू श्वासनळीतून जोराने बाहेर पडतो. हा भेद न पाहता दुरुस्ती आरंभिल्यास श्रम व पैसा दोन्ही वाया जातात.

४. बदलण्याची क्रिया

प्रथम थंड करण्याचे पाणी काढून टाकावे आणि इंधननळी, इंजेक्टर, रॉकर व पुशरॉड सोडवावेत. हेडचे नट एकदम न सोडता क्रमाक्रमाने थोडे थोडे ढिले करावेत. अन्यथा हेड वाकण्याचा धोका असतो. स्प्रिंग दाबून लॉक काढल्यावर प्रत्येक व्हॉल्वला त्याच्या जागेची खूण करावी. काजळी साफ करून व्हॉल्व सीटवरून किंचित उचलावा व आडवा हलवून पाहावा. डायल गेजवर आढळणारी ढिलाई उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. एक्झॉस्टची दांडी अधिक तापून फुगत असल्याने तिला सामान्यतः थोडी अधिक मोकळीक ठेवलेली असते.

जुने गाईड काढण्यापूर्वी ते हेडच्या पृष्ठावर किती उंच आहे याचे माप घेणे अत्यावश्यक आहे. नवे गाईड त्याच उंचीवर बसले पाहिजे. अधिक वर राहिल्यास ते स्प्रिंगच्या टोपीस आपटू शकते. जुन्याला खांदा असल्यास ते एकाच दिशेने निघते, हेही आधी पाहावे. गाईडच्या भोकात सरकणारे टोक आणि त्याच्या कडेवर टेकणारी पायरी असलेल्या पंचाने ते सरळ ठोकावे. बिडाचे हेड सर्व बाजूंनी सारखे, सुमारे उकळत्या पाण्याइतके, तापविल्यास भोक किंचित फुगते. नवे गाईड थंड करून घेतल्यास ते आकुंचन पावते. मग थोड्या बळाने काम होते व भोकास ओरखडे पडत नाहीत. हेडचेच भोक मोठे झाले असल्यास बाहेरून जाड असलेले गाईड घ्यावे लागते.

घट्ट बसताना गाईडचे आतील भोक आवळते. म्हणून ते बसविल्यानंतर रीमरने मापास आणावे. रीमर आत घालताना व बाहेर काढतानाही एकाच दिशेने फिरवावा. उलटा फिरविल्यास त्याची धार बोथट होते.

यापुढील पायरी टाळण्याचा मोह फार होतो. नव्या गाईडचा अक्ष जुन्याशी तंतोतंत जुळेल अशी खात्री नसते. म्हणून सीट नव्या अक्षानुसार कापून व्हॉल्व लॅपिंग पेस्टने घासला पाहिजे. पेस्टचा कणही राहू न देता सर्व भाग धुवावेत. व्हॉल्व जागी बसवून पोकळीत रॉकेल ओतावे. ते झिरपले नाही तर बैठक उत्तम समजावी. शेवटी दांडीस वंगण लावून जुळणी करावी, नवे गॅस्केट घालावे, नट ठरलेल्या क्रमाने आवळावेत व टॅपेटची फट मापाने ठेवावी.

५. परिभाषेविषयी निष्कर्ष

वरील वर्णनात नामे बहुतांशी इंग्रजी आहेत, तर क्रियापदे बहुतांशी मराठी : ठोकणे, घासणे, आवळणे, बसणे, झिरपणे. नामांनीही मराठी व्याकरणाचे शासन स्वीकारले आहे. व्हॉल्व ‘बसला’, स्प्रिंग ‘तुटली’, इंजिन ‘बंद पडले’. म्हणजे तिन्ही लिंगे त्यांस लाभली. कारागिराचे ज्ञान मुख्यतः या क्रियापदांत साठविलेले असते. ‘बसणे’ या एकाच क्रियापदाने व्हॉल्वची अचूक बैठक, गाईडचा घट्टपणा आणि इंजिन नादुरुस्त होणे या तिन्ही गोष्टी सांगता येतात. अर्थ संदर्भ ठरवितो.

कारागिरांसाठी मराठीत पुस्तिका रचताना नामांच्या शुद्धीकरणावर सारी शक्ती खर्च होणे, म्हणूनच, हितावह नाही. ‘व्हॉल्व गाईड’ तसेच ठेवून, ते कोणत्या दिशेने ठोकावे, किती उंच ठेवावे आणि सीट पुन्हा का कापावी, हे निःसंदिग्ध मराठीत सांगणे अधिक अगत्याचे आहे. नर्मदाकाठच्या पावरी व भिलीभाषक होडीवाल्यास प्रमाण मराठीही शिकूनच घ्यावी लागते. त्याच्यावर दोन अपरिचित शब्दांचा भार घालण्यात अर्थ नाही. परिभाषेची कसोटी कोशात लागत नाही. तिच्या आधाराने दुरुस्त झालेली होडी पैलतीरी पोहोचते की नाही, यावर ती ठरते.